वाणातली पकड

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत माझी माय रोज संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या घरी हळदीकुंकवाला जायची, आणि आमच्या घरी मात्र हळदीकुंकू नसायचं. बायकांना बोलावलं की तिळगूळ द्यावा लागतो, ओटीत बोरं-घाटे घालावे लागतात आणि वर काहीतरी वाण द्यावं लागतं. गाळणी, डबी, वाटी, काहीही, पण वस्तू. तिळगुळापर्यंत आमची उडी जायची. वाणापाशी सगळं अडायचं. माय घरी आली की पदराखालून मिळालेलं वाण काढायची, पुसायची आणि फळीवर मांडायची. आमच्या घरातली निम्मी भांडी अशी दुसऱ्यांच्या हातची होती. चहा गाळला तरी तो कुणाच्या तरी उपकारातून गाळला जायचा. हे मायला जितकं बोचायचं तितकं मला तेव्हा कळत नव्हतं.

आम्ही वाशीमकडचे. बाबा धायरीत एका लेथच्या शॉपमध्ये हेल्पर होते. त्या वेळची धायरी म्हणजे अर्धं गाव आणि अर्धी वर्कशॉपं. पत्र्याच्या खोल्यांची एक रांग होती, तिच्यात शेवटून दुसरी खोली आमची. मागच्या भिंतीला ग्राइंडरचा आवाज आणि पुढे, रस्त्याच्या पलीकडे, नवीन झालेल्या सोसायटीतल्या कुकरच्या शिट्ट्या. सकाळी चारही मजल्यांवरून शिट्ट्या सुरू झाल्या की माय स्टोला पंप मारता मारता म्हणायची, "बोलले पाहा बाप्पा सायेब लोकं." शॉपला काम असलं की ज्वारीची भाकर, झुणका आणि कांदा. काम नसलं की त्याच भाकरीवर तिखट-मीठ आणि कच्च्या तेलाची धार. त्याहून ओढाताण झाली की कण्या. मला कण्या अजून आवडतात, पण माझ्या सुनेला ते खरं वाटत नाही. तिला वाटतं मी गरिबीचं कौतुक सांगते. कौतुक नाही, नुसती चव आहे ती, जिभेवर बसलेली.

माय फाट्यावरच्या एका खानावळीत स्वयंपाकाला होती. वरणाचं मोठं पातेलं उतरवून उतरवून तिचं उजवं मनगट गेलं होतं. पकडीवर जोर धरवत नसे, म्हणून ती पदराने भांडी उतरवायची. तिच्या साड्यांचे पदर टोकाशी करपलेले असत आणि लग्नाकार्याला जाताना ती ते टोक कमरेशी खोचून टाकायची.

एका संक्रांतीला तिने हिय्या केला. सोसायटीतल्या आणि आमच्या रांगेतल्या बायकांना बोलावलं आणि वाण म्हणून टिकल्यांची एकेक पाकिटं दिली. सोसायटीतल्या केळकरकाकू, मूळच्या सदाशिव पेठेतल्या, मास्तरांच्या पत्नी, अगदी मनापासून म्हणाल्या, "वाणाचं काय एवढं गावंडेबाई, आपण बोलावलंत हेच खूप." त्यांच्या मागून निघालेल्या दोघी मात्र बाहेर नळापाशी थांबल्या. मी तिथे पेले विसळत होते. एक दुसरीला म्हणाली, "टिकली हरवायच्या आत घरी पोचायला हवं हो." दोघी हसल्या. वाक्य काही फार दुष्ट नव्हतं. पण मी पेले पुन्हा एकदा विसळले, कारण आत जाऊन मायचं तोंड पाहायची माझी तयारी नव्हती. माय आत खुशीत रिकामी ताटली पुसत होती. त्यानंतर तिने बोलावणं केलं नाही, म्हणजे तिलाही काहीतरी ऐकू आलं असावं.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे मी ताठ मानेनेच सांगते, कारण ते मिळवायला मला कुणी हात दिला नाही. दिला तो बाबांनी, आणि तोही न बोलता. शॉपमधून ते टाकाऊ तुकडे आणायचे, मी ते हातात फिरवून कागदावर काढायचे. वरून, पुढून, बाजूने. मशीन ड्रॉइंगमध्ये माझा वर्गात पहिला नंबर असे. इंजिनिअर झाल्यावर माझ्या बरोबरीची पोरं कॉम्प्युटरचे कोर्स करून अमेरिकेची स्वप्नं पाहायला लागली. मी सिंहगड रोडवरच्या एका कारखान्यात लागले. तिथे घरगुती वस्तू बनत: किसण्या, झाऱ्या, लिंबू पिळायचं यंत्र, बादल्यांचे दांडे. त्या दिवसांत बाहेरचा माल येणार, बाहेरच्या कंपन्या येणार, अशी सगळीकडे चर्चा. दुकानांत रंगीत दांड्यांच्या परदेशी वस्तू दिसायला लागल्या होत्या आणि आमच्या मालकांच्या तोंडात एकच शब्द होता, 'इनोव्हेटिव्ह'. म्हणून डिझाइन विभाग निघाला. विभाग म्हणजे एक ड्रॉइंगचा टेबल, मी, आणि माझे साहेब लिमये. लिमये पन्नाशीचे, पुण्याचे, बोलायला जाम कंजूष. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "घरात स्वयंपाक कोण करतं?" मी म्हटलं, "आई." "मग तुम्ही काय बघून डिझाइन करणार?" "आईला बघून." ते म्हणाले, "बघा." एवढीच माझी मुलाखत.

आणि मी बघितलंच. मायच्या मनगटाकडे पाहून मी एक नवी पकड काढली. नेहमीची पकड दाबून धरावी लागते; हात थकला की तोंड सैल होतं आणि भांडं सुटतं. माझी पकड उलटी होती. कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखी. दाबली की तोंड उघडायचं, सोडली की आतली स्प्रिंग भांड्याचा काठ घट्ट धरून ठेवायची. जोर लावायचं कामच नाही. दांड्यांना न तापणारं आवरण, रंग शेंदरी. कारखान्यात आम्ही तिच्यात पाण्याने भरलेली पातेली तासन्‌तास लटकवून ठेवली. एक सुटलं नाही. लिमयेंनी ती हातात घेऊन उघडली, मिटली, उघडली. म्हणाले, "बरी आहे." कारखान्यातल्या जुन्या लोकांनी मला सांगितलं की 'बरी आहे' हा शब्द साहेबांनी आजवर फक्त स्वतःच्या स्कूटरबद्दल वापरलाय. मी त्या दिवशी घरी चालत गेले, बस सोडून दिली, इतका आनंद पायांत मावत नव्हता.

लिमये म्हणाले, "आता कारखान्याबाहेर द्या. लोकांच्या घरात. वापरू द्या, मग विचारा. लोक बरं म्हणाले तर डाय बनवायला टाकू." डाय म्हणजे तो लोखंडी साचा, ज्यातून पुढे हजारो नग निघतात, एकदा बनला की मागे फिरता येत नाही. चाचणीसाठी हाताने बनवलेल्या पकडींची एक पेटी मला मिळाली. पौषातले दिवस, संक्रांत तोंडावर. पेटी घरी ठेवली, मायने तिचं झाकण उघडलं आणि एक पकड उचलून देवाला दाखवावी तशी उजेडाकडे धरली.

"हे तुवं डोकं?"

"हो."

"आन् हे लोकायले वाटाचं हाय?"

"वापरायला द्यायचं आणि मग कसं वाटलं ते विचारायचं."

मायने पकड परत पेटीत ठेवली. मग म्हणाली, "मंग आपून वाणात देऊ ना वं. कोनाच्या घरी न्हाई असं वाण."

मला ती कल्पना इतकी आवडली की मी तिला मिठी मारली. बायका घरोघरी वापरतील, आमचं हळदीकुंकूही होईल, आणि माझी चाचणीही. एका दगडात किती पक्षी मारतेय हे मोजायला मला वेळ नव्हता. आता साठीला टेकल्यावर मी नव्या मुलांना चाचणी कशी घ्यावी हे शिकवते तेव्हा पहिल्या दिवशी या हळदीकुंकवाचीच गोष्ट सांगते, आणि ती हसतात. त्यांना वाटतं मी विनोद रचून आणलाय.

हळदीकुंकू थाटात झालं. बाबा रेडिओ घेऊन बाहेर पाण्याच्या टाकीवर जाऊन बसले. खोलीत शेजारून आणलेली सतरंजी. मायने तिळाच्या वड्या थापल्या होत्या, त्यांत थोडं खोबरं जास्त, वाशीमच्या पद्धतीने. दारातून बायका आत येत होत्या, पायातल्या चपला काढताना वाकून फळीवरच्या पेटीकडे बघत होत्या. माय एकेकीला कुंकू लावून पकड हातात ठेवायची आणि म्हणायची, "आमच्या मंदीनं केलेली हाय. कारखान्यात." आमच्या रांगेतल्या जगतापवहिनी, इथल्याच गावच्या, पकड उघडून-मिटून म्हणाल्या, "आरं वा! ही तर मगरीवानी हाय!" सगळ्या हसल्या. टिकलीवाल्या दोघींपैकी एक आली होती. तिने पकड उलटसुलट केली आणि म्हणाली, "खरंच हो, असं वाण काही कुणी दिलं नव्हतं." त्यात टोमणा नव्हता. मायने मान खाली घातली आणि पुढच्या बाईचं कुंकू थोडं नाकावर सांडलं.

काही दिवसांनी मी घरोघर विचारत फिरले. "पकड कशी वाटली?" "छान आहे." "वापरता का?" "हो हो, छान आहे ना." "काही अडचण?" "छे, अडचण कसली, डोकं आहे हो तुला." मी कागदावर 'छान' लिहीत गेले. वाणात मिळालेल्या वस्तूला, देणारीची लेक दारात उभी असताना, महाराष्ट्रातली कुठली बाई नावं ठेवेल? हा प्रश्न मला पडला नाही. मी इंजिनिअर होते. मला उत्तरं हवी होती, आणि ती सगळी मला हवी तशी मिळत होती. लिमयेंनी कागद पाहिला, एक भुवई वर केली, म्हणाले, "एकही तक्रार नाही? पुण्यात?" पण मालकांनी वितरकांना शब्द देऊन ठेवला होता. सोमवारी डायची ऑर्डर जाणार असं ठरलं.

त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, दुपारी चार वाजता मी केळकरकाकूंकडे गेले. मायने पाठवलेलं तिळाच्या वड्यांचं ताट द्यायचं होतं, आणि खरं सांगायचं तर डायची बातमीही. काकूंनी दार उघडलं, "ये गं मंदा, चहा टाकलाच आहे," म्हणाल्या आणि मला स्वयंपाकघरातच स्टूल दिलं. ओट्यावर चहाचं पातेलं उकळत होतं. शेजारी त्यांची नेहमीची काळी पडलेली पकड होती. काकूंची नजर माझ्याकडे गेली, मग त्या पकडीकडे, आणि त्यांनी पटकन ती मिक्सरच्या मागे सरकवली. स्टुलावरून मला उठवून, त्यावर चढून, वरच्या फळीवरून त्यांनी माझी पकड काढली. प्लॅस्टिकची पिशवी अजून तशीच होती. पिशवी काढता काढता म्हणाल्या, "रोज नाही काढत गं, चांगली वस्तू आहे ना."

मी खूश होते, हे लिहायला आजही हात अडतो. त्या माझ्या मानासाठी माझी पकड काढत होत्या आणि मी ती कशी वापरतात ते कौतुकाने पाहत होते. काकूंनी दांडे दाबले, तोंड उघडलं, काठावर बसवलं, सोडलं. पातेलं उचललं. सगळं बरोबर. गाळणीकडे वळल्या तेव्हा चहाची वाफ त्यांच्या मनगटावर आली आणि त्या दचकल्या. दचकलेला हात काय करतो? मूठ आवळतो. जन्मभर पकड आवळूनच भांडं सांभाळलेलं, त्यामुळे त्यांनी जिवाच्या आकांताने दांडे आवळले. पकडीने तोंड उघडलं. मी तिला तेच करायला शिकवलं होतं. उकळता चहा त्यांच्या दोन्ही पावलांवर गेला.

काकू ओरडल्या नाहीत. ओट्याला धरून उभ्या राहिल्या, डोळ्यांत पाणी, आणि म्हणाल्या, "अगं बाई, मीच वेंधळी! तुझ्या पकडीला काही झालं नाही ना?"

मास्तर धावत आले, आम्ही काकूंचे पाय गार पाण्याच्या बादलीत ठेवले, मी फरशी पुसली. काकू मास्तरांना सांगत होत्या, "वय झालं, दुसरं काय. नवीन वस्तू वापरायला अक्कल लागते." मी "नाही काकू, तुमचं नाही" म्हणायला तोंड उघडलं तर मास्तर मलाच म्हणाले, "तू नको वाईट वाटून घेऊस." ते दोघं माझी समजूत काढत होते. पाय भाजलेली बाई माझी समजूत काढत होती. मला त्या क्षणी कुणी थोबाडीत मारली असती तर मी आभार मानले असते.

घरी आले तेव्हा माय पीठ मळत होती. मी सांगितलं. तिचे हात पिठात थांबले.

"मले बी झालं होतं तसं," ती म्हणाली.

"कधी?"

"तू पेटी आनली ना, त्यातली एक म्या वापरून पाह्यली, त्याच हप्त्यात. वरनाचं पातेलं सांडलं." तिने साडी जरा वर केली. नडगीवर गुलाबी, चकाकणारा डाग होता. मला तिने तेव्हा खानावळीत भाजलं म्हणून सांगितलं होतं.

"मग मला सांगितलं काऊन नाही?" मी चिडले की माझी भाषा मागे जाते.

"काय सांगू? म्या म्हटलं आपलाच हात अडानी. शिकलेल्या मानसानं केलेली वस्तू हाय, तिले वापराची रीत असन. बाकीच्या बाया हुशार हायेत, त्यायले जमन."

मी जमिनीवर बसले. खोलीभर पिठाचा वास होता. मला एकेक दार आठवायला लागलं, 'छान आहे' म्हणणारी एकेक बाई. किती जणींनी आपापल्या घरात भांडं पाडलं असेल आणि स्वतःलाच वेंधळी म्हणवून घेतलं असेल? आता माणसं मोबाइलवर एक तारा देऊन वस्तूची लाज काढतात. लोकांना ते उद्धट वाटतं. मला बरं वाटतं. मला तेव्हा एका बाईने तरी एक तारा द्यायला हवा होता.

सोमवारी सकाळी लिमये ऑर्डरवर सही करायला बसले होते. मी म्हटलं, "साहेब, थांबा. पकडीत दोष आहे."

"मोडली?"

"नाही. मोडली असती तर बरं झालं असतं."

मी गार पाण्याने भरलेलं पातेलं आणि पकड त्यांच्या हातात दिली. "उचलून धरा." त्यांनी धरलं. मी त्यांच्या मागे गेले आणि स्टीलचं ताट फरशीवर आपटलं. साहेब दचकले, मूठ आवळली, आणि सगळं पाणी त्यांच्या बुटांत. शेजारच्या खात्यातली माणसं दारात गोळा झाली. लिमयेंनी आधी बुटांकडे पाहिलं, मग पकडीकडे. त्यांना सगळं कळलं होतं. समजवायची गरजच नव्हती.

"मग हे सगळे 'छान' कुठून आणलेत?"

"आईच्या हळदीकुंकवातून, साहेब. वाणात दिल्या होत्या."

"वाणात." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "गावंडे, तुम्ही चाचणी नाही घेतलीत. तुम्ही लोकांची ओटी भरलीत." दारातले लोक हसले. लिमये हसले नाहीत. "सगळ्या परत आणा. एक बाहेर राहता कामा नये. मालकांशी मी बोलतो." मालकांशी काय बोलणं झालं ते काचेपलीकडून सगळ्या कारखान्याने पाहिलं. मला पकडीवरून काढलं आणि बादलीच्या दांड्यांची ड्रॉइंगं दिली.

परत आणायच्या म्हणजे वाण परत मागायचं. माय म्हणाली, "मंदे, देल्लेलं वान मांगतात का कोनी? तोंड कुठी दाखवाचं मंग?" बाबा कोपऱ्यात बिडी पीत होते. ते घरात क्वचित बोलायचे. ते म्हणाले, "बायायचे पाय भाजून राहिले. मांगून आन. लाजाचं मंग पाहू."

मी एकटी निघाले. पहिल्या घरी टिकलीवाली बाई होती. "परत? का हो, कमी पडल्या का?" दुसऱ्या घरी, "नाही गं, वाण परत दिलं तर दोष लागतो आम्हांला." मी सांगायचे, चटका बसेल, भांडं पडेल. "आमचं नाही हो पडलं," असं म्हणताना एकीने हाताची पट्टी पदराखाली घेतली. जगतापवहिनींच्या घरी माझी पकड पडद्याला लावलेली होती. "मगर हाय ती, भांड्याला नाय धरत, पडदा झ्याक धरती," त्या म्हणाल्या, आणि नाराजीनेच काढून दिली. एका घरी तिच्यात विजेची बिलं. आणि दोन-तीन ठिकाणी कळलं की आमची पकड पुढच्या हळदीकुंकवात दुसऱ्याच बाईला गेली. पिशवीसकट, न उघडता. मायने देवाला दाखवल्यासारखी धरलेली वस्तू कुणाच्या तरी वाणाची गरज भागवून पुढे सरकली होती. संध्याकाळी मी घरी आले ती जवळपास रिकाम्या हातानेच.

दुसऱ्या दिवशी माय कामावरून आल्यावर हातपाय धुऊन, धुतलेली साडी नेसून माझ्यासमोर उभी राहिली. हातात कुंकवाचा करंडा. "चाल." "कुठं?" "चाल म्हनते ना."

पहिल्याच दारात तिने आधी त्या बाईला हळदीकुंकू लावलं. मग खाली बसली, जमिनीवर, आणि पदर पसरला. "बाई, सप्तमी व्हाची हाय अजून. मले तुमच्या हातानं वान द्या. तेच द्या, आमच्या मंदीचं."

ती बाई क्षणभर गोंधळली. मग आत गेली, पकड आणली, मायच्या कपाळाला कुंकू लावलं आणि पकड तिच्या पदरात टाकली. परत मागणं नव्हतं ते. ते वाण होतं. दोष कुणालाच लागत नव्हता. फक्त माय पुन्हा घेणारी झाली होती. जन्मात एकदाच तिने मनाजोगतं वाण दिलं होतं, आणि आता ती दारोदार पदर पसरून तेच परत घेत होती, माझ्यामुळे. मी मागे पिशवी धरून उभी होते आणि वर बघत नव्हते. बहुतेकींना कळत होतं. कुणी पकडीबरोबर नारळ दिला, कुणी मूठभर गहू. टिकलीवाल्या बाईने पदरात पकड टाकताना मायचा हात धरला. केळकरकाकूंना चालता येत नव्हतं, त्यांनी माय आत येऊन बसेपर्यंत मास्तरांकरवी करंडा मागवला आणि पलंगावर बसूनच कुंकू लावलं. माय त्यांच्या पायाकडे बघून रडली. काकू म्हणाल्या, "गावंडेबाई, आता पुरे. माझे पाय, मला ठाऊक."

पुढे गेलेल्या पकडींचा माग काढत आम्ही दोघी बस बदलून वारज्याला गेलो, कुणाच्या नणंदेकडे. तिथून आणखी एका घरी. सगळ्या अनोळखी दारांत मायने तसाच पदर पसरला. रथसप्तमीला दुपारी ती पेटी मी कारखान्यात परत नेली. एक पकड कमी होती. ती कधीच सापडली नाही. अजूनही कुणाच्या अंगावर गरम काही सांडल्याचं ऐकलं की मी आधी विचारते, पकड कुठली होती?

बादलीचे दांडे मी मन लावून काढले. लिमये मधूनमधून येऊन ड्रॉइंगवरून नजर फिरवायचे आणि जायचे. पुष्कळ महिन्यांनी एक दिवस त्यांनी ती शेंदरी पकड माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "दचकणाऱ्या माणसासाठी काढा." मी पुन्हा बसले. या वेळी स्प्रिंग तोंड उघडण्यापुरतीच ठेवली. धरायचं काम दाबण्याकडे परत दिलं. दांडे लांब केले, सांधा तोंडाजवळ नेला, म्हणजे अधू मनगटाच्या थोड्या जोरातही काठ घट्ट धरला जाईल. चाचणीला मी वारज्यातल्या नव्या वसाहतीत गेले, जिथे मला कुत्रंही ओळखत नव्हतं. पकडी वाटल्या नाहीत. स्वयंपाकाच्या वेळी लोकांच्या ओट्याशी उभी राहिले, पातेल्यात गार पाणी भरायला लावलं आणि मागून ताटं आपटली. बायकांनी मला वेडी म्हटलं, एकीने नवऱ्याला बोलावलं. तिथे मला पहिल्यांदा ऐकायला मिळालं, "दांडा फारच जाड आहे हो, आवडला नाही." मी तिचे आभार मानले तेव्हा ती आणखीच घाबरली.

ती पकड बाजारात आली आणि चालली. तिच्या सांध्याचं पेटंट कारखान्याच्या नावावर झालं. रचनाकार म्हणून त्यात मंदा श्रीराम गावंडे हे नाव आहे. लिमये निवृत्त झाल्यावर डिझाइन विभाग माझ्याकडे आला, आणि मी निवृत्त झाले तेव्हा त्यात माझ्या हाताखाली बारा जण होते. पकडीतून भांडं सुटल्याची तक्रार कधी आली नाही. पण तक्रार नसण्यावर माझा विश्वास नव्हता, म्हणून दर वर्षी मी स्वतः अनोळखी घरांत जाऊन, ओट्याशी उभं राहून पाहत आले. भांडं सुटत नव्हतं.